शंभर नंबरची पेटी

सोमवारी सकाळी जिन्याखालच्या कपाटातल्या यंत्रावर पिवळा दिवा लागला, आणि तो नेमका तक्राररावांना दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला असता तर त्याने कपाटाचं दार लोटून दिलं असतं आणि पुढचं रामायण टळलं असतं. वजनकाटे विकणारी आणि दुरुस्त करणारी ती कंपनी. ऑफिस बंद असलं की गिऱ्हाइकांचे फोन हे यंत्र घ्यायचं, त्यांचे निरोप रेकॉर्ड करायचं आणि ज्याच्या त्याच्या नंबरच्या पेटीत टाकून ठेवायचं. म्हातारं यंत्र होतं, पण बिचारं कधी रजेवर गेलं नव्हतं.

तक्रारराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते तिथले वरिष्ठ कारकून. नळ गळो, दार कुरकुरो, भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडो, तक्रार रीतसर नोंदवली गेलीच पाहिजे आणि तक्रारदाराचं लेखी समाधान झाल्याशिवाय ती बंद होता कामा नये, हा त्यांचा बाणा. हा नियम ऑफिसात आणलाही त्यांनीच. आता ही सगळी हकीगत ते स्वतःच रंगवून सांगतात, आणि सांगताना स्वतःला मूर्ख म्हणायची एकही संधी सोडत नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांना हसू येत नव्हतं. शुक्रवारी मॅनेजरबाई नवा ऑफिसप्रमुख जाहीर करणार होत्या. जुने प्रमुख निवृत्त झाल्यापासून सात महिने ते काम तक्राररावच रेटत होते, आणि त्या खुर्चीची वाट तर एकोणीस वर्षं बघत होते.

कपाटाच्या दाराला आतून एक जुना कागद डकवलेला होता: ‘दिवा लागल्यास शंभर नंबरच्या पेटीत निरोप ठेवावा. यंत्रप्रमुख दखल घेतील.’ हे यंत्रप्रमुख कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. कागदावर लिहिलंय म्हणजे असणारच कुणीतरी. त्यांनी शंभर नंबर फिरवला, तारीख, वेळ, दिव्याचा रंग आणि स्वतःचा हुद्दा सांगितला आणि आभार मानून फोन ठेवला.

मंगळवारीही दिवा पिवळाच. त्यांनी दर अर्ध्या तासाला निरोप ठेवायला सुरुवात केली. यंत्र जुनं आहे, त्याला नीट समजावं म्हणून ते एकेक शब्द सावकाश बोलत. बुधवारी दिवा लाल झाला आणि यंत्र टीं टीं करून ओरडू लागलं. मग तक्राररावांच्या अंगात आलं. त्यांनी कामचुकारपणाबद्दलचे नियम क्रमवार वाचून दाखवले, पंचवीस मिनिटं. जेवणानंतर पुन्हा तेच वाचले, कारण पहिल्या वेळी आवाजात हवा तेवढा राग आला नव्हता.

घरी जेवताना त्यांनी त्या निर्लज्ज माणसाचं वर्णन बायकोला ऐकवलं. तीन दिवस झाले, ढिम्म हलत नाही, म्हणाले. बायको हळहळली.

“अशा माणसाच्या बायकोचं कौतुकच करायला हवं हो. कसा संसार करत असेल बिचारी!”

गुरुवारी कहर झाला. बाजार समितीने चाळीस काट्यांच्या दुरुस्तीसाठी संध्याकाळी फोन केला, तर यंत्राने त्यांना जागा शिल्लक नाही असं सांगून चक्क वाटेला लावलं. शुक्रवारी सकाळी समितीचा माणूस स्वतः येऊन बाईंना चार शब्द सुनावून गेला. बाई संतापल्या. त्यांनी बाहेरून यंत्रदुरुस्तीवाली बोलावली आणि हे कुणामुळे झालं ते आजच्या आज कळलं पाहिजे, असं बजावलं. तक्रारराव मनातून खूश. त्यांनी लगोलग अर्ज खरडला: ‘सदर यंत्रप्रमुखाची गय करू नये.’ वर ठळक अक्षरांत तारीख घातली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

दुरुस्तीवालीने कपाट उघडलं, आतला छोटा पंखा काढला आणि ब्रशने झटकला. धुळीचा हा एवढा बोळा पडला. पिवळा दिवा त्याच्यासाठी लागला होता, ती म्हणाली, पाच मिनिटांचं काम. लाल दिव्याचं कारण मात्र वेगळं निघालं. एकाच पेटीत एवढे निरोप साचत गेले होते की बुधवारी यंत्रातली जागा संपत आली आणि गुरुवारी बाकी कुणाला ती उरलीच नाही.

“कुठली पेटी?” बाईंनी विचारलं.

“शंभर. ऐकू या का?”

तिने बटण दाबलं आणि तक्राररावांचा आवाज सगळ्या ऑफिसभर घुमला. निर्लज्ज, ऐतखाऊ, खाल्ल्या मिठाला न जागणारा, सगळं सावकाश आणि स्पष्ट. एकूण एकेचाळीस निरोप. ऑफिसातली मंडळी फायलींमागे तोंडं लपवू लागली. बाईंनी शांतपणे जुन्या प्रमुखांनी सोपवलेल्या कामांची यादी मागवली. तिसऱ्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: ‘निरोपयंत्राची देखभाल व पेटी क्रमांक शंभर.’ खाली तक्राररावांची झोकदार सही. जुन्या प्रमुखांच्या निरोपसमारंभाच्या दिवशी हॉलमधला माईक खरखरत होता. त्याची तक्रार लिहिण्याच्या घाईत त्यांनी तिन्ही पानांवर न वाचताच सह्या ठोकल्या होत्या.

तक्रारराव उभ्या जागी विरघळले. एकोणीस वर्षं पाण्यात गेली, त्यांना वाटलं, आणि तीही आपल्याच तोंडाने. बाईंनी त्यांना केबिनमध्ये नेलं, दार लावलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

“बसा,” शेवटी त्या म्हणाल्या. “सात महिने ऑफिस तुम्हीच सांभाळलंत, हे मी विसरलेली नाही. पण तक्रार नोंदवली गेली आहे, आणि नियम तुमचाच आहे. यंत्रप्रमुख म्हणून लेखी खुलासा द्या. समाधान झालं असेल तर खाली तक्रारदार म्हणून सही करा. तो कागद आला की विषय संपला.”

तक्राररावांचा जीव भांड्यात पडला. जागेवर येऊन त्यांनी खुलासा लिहिला: ‘कामाच्या व्यापामुळे सदर बाब नजरेतून सुटली. दिलगीर आहे.’ मग खाली सही करायला पेन टेकवलं आणि सवयीने वरचा मजकूर एकदा वाचला. कामाचा व्याप! गेली एकोणीस वर्षं हेच ऐकतोय, त्यांच्या मनात आलं. हे काय उत्तर झालं? त्यांनी कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. दुसरा खुलासा त्यांना उद्धट वाटला. तिसऱ्यात सारवासारव दिसत होती. चौथ्यावर तर त्यांनी लाल शाईने शेरा मारला: ‘असमाधानकारक.’

पाचला पाच मिनिटं कमी असताना बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात ऑफिसप्रमुखाच्या नेमणुकीचं पत्र होतं. त्यांनी ते तक्राररावांच्या टेबलावर ठेवलं.

“झाली का सही? म्हणजे हे देऊन मी निघते.”

तक्राररावांनी पत्राकडे पाहिलं. मग समोरच्या कागदांकडे पाहिलं आणि ते पत्र दोन बोटांनी हलकेच बाईंकडे परत सरकवलं.

“सोमवारपर्यंत थांबा मॅडम,” ते म्हणाले. “माणूस फार उडवाउडवीची उत्तरं देतोय.”