तीन इंजिनं आणि टोपलीभर झिंगे

सकाळपासून मुखरू ड्रायव्हरचा जीव थाऱ्यावर नव्हता. मूलहून जंगलातल्या लाकूडडेपोपर्यंत जाणाऱ्या त्या चिमुकल्या लाइनीवर इंजिनं होती तीनच. त्यांतली दोन दुसरीकडे हलवायची का, हे ठरवायला नागपूरहून प्रधान साहेब आले होते. मुखरूचं इंजिन सगळ्यांत जुनं. त्याला सगळे 'काळी' म्हणत. लग्नाआधीपासून तो तिच्यावर होता, आणि घरी नुसता पाहुणा म्हणून येतो, असं त्याची बायको रुखमाबाई म्हणायची.

साहेब डब्यात बसले तरी काळीच्या टाकीत पाणी भरणं चालूच होतं. स्टेशनची विहीर आटल्यामुळे पंपाची नळी गावतलावात सोडली होती. तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं, म्हणून पाण्याला जोर नव्हता. उशीर झाला तर पहिली काळीच जाईल, या धास्तीने मुखरू तलावात उतरला आणि फडकं सोडून फेकून आला. टाकी बघता बघता भरली.

गाडी वेळेवर सुटली. साहेबांनी खिडकीतून समाधानाने मान हलवली. मुखरू खुशीत आला, तोच ऐन जंगलात काळीच्या बॉयलरला पाणी मिळेना. टाकी काठोकाठ, पण मधली नळी तुंबलेली. कोरडा बॉयलर तापू नये म्हणून भट्टीतले निखारे खाली रुळांवर ओढावे लागले, आणि गाडी उभी राहिली.

"काय झालं?" साहेब उतरून आले.

"काई नाई साहेब. जरा दम खाऊन राह्यली." साहेबांसमोर नळी खोलायची मुखरूची हिंमत होईना.

"दम खायला ती काय बैल आहे? दुसरं इंजिन मागवा."

गार्ड चालत मागे गेला. दुपारी नथ्थू आपलं इंजिन घेऊन आला आणि त्याने ते गाडीच्या मागच्या टोकाला जोडलं.

"आज तलावाचं पाणी काय जोरात येऊन राह्यलं होतं, मुखरूभाऊ," तो कौतुकाने म्हणाला.

मुखरूला सकाळी फेकलेलं फडकं आठवलं. गाडी जेमतेम दोन शेतांइतकी मागे सरकली आणि नथ्थूचं इंजिनही बसलं.

"तिसरं बोलवा," साहेब म्हणाले.

तिसऱ्याला फडकं बांधून पाणी भरायला सांगावं, असं मुखरूच्या अगदी जिभेवर आलं. पण साहेबांनी 'का?' म्हणून विचारलं असतं. गार्ड पुन्हा चालत गेला.

उन्हं कलताना लटारूचं इंजिन धापा टाकत आलं आणि गाडीला जोडायच्या आतच थंडावलं. लटारूला कसली भीडभाड नव्हती. त्याने साहेबांसमोरच नळी खोलली. आतून ओंजळ ओंजळ झिंगे, म्हणजे तलावातली बारीक कोळंबी, बाहेर पडले.

डब्यातून उतरलेली, गावतलावात मासे धरणारी गिरजा ढिवरीण कमरेवर हात ठेवून पुढे आली. "हे तं आमच्या तलावातले झिंगे होत. काऊन गाडीत घालून नेता?"

तिन्ही नळ्यांतले झिंगे तिने टोपलीत गोळा केले. पण साहेबांचं उपाशी तोंड पाहून तिला कीव आली. कोळशाचं फावडं धुऊन घेतलं, खाली ओढलेल्या निखाऱ्यांवर धरलं, आणि मीठ-मिरची लावून झिंगे परतले. कोकण सोडल्यापासून साहेबांना असं काही मिळालं नव्हतं. ते बोटं चाटत राहिले. मुखरू खाली मान घालून निकालाची वाट बघत होता.

"मी दोन इंजिनं न्यायला आलो होतो," साहेब शेवटी म्हणाले. "पण तीन असून ही गत, तर एकावर काय होईल? तुम्हाला चौथं द्यायला हवं."

आता तरी खरं सांगावं म्हणून मुखरूने तोंड उघडलं.

"काय म्हणताय?"

"काई नाई साहेब. पंपाच्या नळीले जाळी बसवाले सांगतो."

दिवाळीआधी चौथं इंजिन आलं. नवंकोरं, हिरव्या रंगाचं. इतकं महागाचं इंजिन कुणाच्या हाती द्यायचं, यावर साहेबांना फारसा विचार करावा लागला नाही. त्यांनी सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरचं, म्हणजे मुखरूचं नाव सांगितलं. काळी नथ्थूला मिळाली.