सहा पायांचा पिंजरा

सुरक्षितता ही दिसणारी वस्तू असावी लागते. जी सुरक्षितता समोरच्या शेजाऱ्याला आपल्या अंगणात बसून दिसत नाही, तिला फार तर काळजी म्हणता येईल, आणि काळजीला वेल्डिंग करता येत नाही. आमच्या रोडोपी डोंगरात हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. म्हणूनच यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत ब्रेझा गावातल्या सोळा जीपगाड्यांपैकी नऊ गाड्यांत पिंजरा होता आणि मागच्या सीटला पट्टा एकाही गाडीत नव्हता.

पिंजरा म्हणजे रोल केज. गाडी उलटली तर छप्पर माणसांवर चेपू नये म्हणून आतून बसवायचा पोलादी नळ्यांचा सांगाडा. ही कल्पना शर्यतीच्या गाड्यांवरून आली. तिथे पिंजरा असतो, चालक पट्ट्यांनी सीटला आवळलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. आमच्या गावाने या तिन्ही गोष्टींचा विचार केला आणि त्यातली आकाराने सर्वांत मोठी घेतली.

आमची गाडी सव्वीस वर्षांची, चौकोनी आणि हिरवी आहे. तिचं वर्षभराचं काम बटाट्याची पोती वाहण्याचं; पुढच्या सीटचे दोन्ही पट्टे त्या पोत्यांना बांधण्यातच तुटले. खरं काम एकच दिवस असतं: वीस जुलै, संत इलियाचा सण. त्या दिवशी सगळं गाव डोंगरमाथ्यावरच्या देवळापाशी जमतं. मोठ्या कढयांत मेंढ्याचं मांस शिजतं, पाद्री त्याला आशीर्वाद देतात, आणि प्रत्येक घर आपापल्या बरण्या भरून तो रस्सा, म्हणजे कुर्बान, खाली घेऊन येतं. जाताना बरण्या रिकाम्या असतात, येताना भरलेल्या. कुर्बान सांडलं तर त्या घराचं वर्ष वाईट जातं. गेल्या वीस वर्षांत त्या उतारावर किती गाड्या उलटल्या याची नोंद गावच्या कचेरीत नाही. त्यांत किती बरण्या फुटल्या हे माझ्या सासूबाईंना पाठ आहे: एकशे बारा. (शिवाय दोन झाकणं सापडली नाहीत.)

यंदा आमच्याकडे दोन गोष्टी पहिल्यांदाच घडणार होत्या. समोरच्या त्सोन्कोने चार पायांचा, म्हणजे गाडीच्या तळाला चार ठिकाणी टेकणारा, पिंजरा बसवला होता, त्यामुळे माझा नवरा ओग्न्यान याला सहा पायांचा हवा होता. आणि आमची कालिना नऊ वर्षांची झाल्यामुळे पहिल्यांदाच वर येणार होती, त्यामुळे मला तिच्यासाठी पट्टा हवा होता.

मी शाळेत एकोणीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. टेप घेऊन मी कालिनाला मागच्या सीटवर बसवलं आणि पिंजऱ्याची नळी जिथे येणार होती तिथपर्यंतचं अंतर मोजलं. तिच्या डोक्यापासून अकरा सेंटिमीटर. गाडी उलटली की बांधून न ठेवलेलं डोकं ते अंतर फारच थोड्या वेळात पार करतं, आणि पलीकडे पोलाद असतं. म्हणजे पट्ट्याशिवायचा पिंजरा छपरापासून वाचवतो आणि स्वतः छपराचं काम करतो. हे मी जेवताना सर्वांना सांगितलं. सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी चीज वाढलं.

पिंजरा कसा असावा यासाठी कुटुंबाची रीतसर बैठक झाली. मांडलेल्या अपेक्षा अशा: त्याला सहा पाय असावेत आणि रंग नारिंगी असावा (ओग्न्यान). त्याला बटाट्याची चार पोती आणि गरज पडल्यास एक जिवंत मेंढी बांधता यावी (सासरे). तीन लिटरची बरणी दोन नळ्यांमध्ये बरोबर बसावी (सासूबाई). गाडी उलटल्यास तो चेपू नये, ही अपेक्षा कुणी मांडली नाही, कारण अपशकुनी बोलू नये असं आमच्या घरात वळण आहे.

"आणि पट्टे?" मी विचारलं.

"सगळ्यांना पट्टे लावले," ओग्न्यान म्हणाला, "तर लोक म्हणतील, मग पिंजरा कशाला बसवला?"

"लोक आत वाकून बघणार आहेत का तू काय बांधलंयस ते?"

"त्सोन्को बघतो."

मी टेप गुंडाळून ठेवली.

पिंजऱ्याचं काम वेल्को मिस्त्रीकडे गेलं. वेल्को आमच्या खोऱ्यात द्राक्षवेलींचे मांडव, ज्यांच्याखाली आमच्याकडची बारशी होतात, आणि थडग्यांभोवतीचे कठडे करतो, त्यामुळे माणसाच्या आयुष्याची दोन्ही टोकं त्याच्या हाताखालून गेलेली आहेत. मी त्याला नळीची जाडी विचारली.

"मास्तरीणबाई, तुमच्या आजेसासऱ्यांचा द्राक्षाचा मांडव आहे ना? तीच नळी. एकेचाळीस वर्षं उभा आहे."

(मांडव अद्याप एकदाही उलटलेला नाही.)

"आणि जोड?"

"जोडाची तक्रार आजवर एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही," वेल्को म्हणाला. त्याची निम्मी गिऱ्हाइकं कठड्याच्या आत आहेत हे मी बोलून दाखवलं नाही. त्याला मी जाड भिंतीची, बिनजोड नळी आणायला लावली, पायांखाली रुंद पत्रे लावून घेतले, आणि त्या बदल्यात नळ्यांच्या कोपऱ्यांवर द्राक्षांचे लोखंडी घोस राहू दिले. डोक्याजवळचे चार घोस मात्र काढायला लावले. वेल्को त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शहरातून मी दोन गोष्टी आणल्या: नळ्यांवर चढवायचा जाड फोम, आणि एक नवा कोरा पट्टा. एकच, कारण त्याहून जास्त पट्ट्यांना घरात बहुमत नव्हतं. वेल्कोने तो मागच्या सीटच्या उजव्या बाजूला पक्का बसवला. सासऱ्यांनी फोम पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, पिंजऱ्याला स्वेटर घातलंस होय? जुलै आहे."

त्याच संध्याकाळी फोम निघाला.

मग वार्षिक तपासणी. केंद्रातले अधिकारी पेन्केव्ह यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, की गाडीच्या कागदांत पिंजरा नाही. नोंद करायची तर राजधानीचा शिक्का लागेल, त्याला आठ महिने.

"सण तर तीन आठवड्यांवर आलाय," ओग्न्यान म्हणाला.

पेन्केव्हनी बराच वेळ पिंजऱ्याकडे पाहिलं. "हा तुम्ही कुठे घेऊन चालला आहात का?"

"कुठे?"

"ते मी विचारत नसतो. माल कुठे जातो हे आमच्या कक्षेत येत नाही. नीट बांधलाय का?"

"वेल्डिंग केलंय."

"उत्तम," पेन्केव्ह म्हणाले आणि त्यांनी लिहिलं: माल, पोलादी नळ्या, पक्का बांधलेला.

मी पट्ट्याबद्दल विचारलं. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. मुळात मागे पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत प्रवाशांना बांधण्याची सक्ती नव्हती. माल मात्र बांधलेलाच हवा होता. तेव्हा आमच्या गाडीत कायद्याने नळ्यांना संरक्षण होतं आणि कालिनाला नव्हतं. मी आभार मानले. ही माहिती पुढे उपयोगी पडली.

वीस जुलैला वर जाण्यात काही विशेष नव्हतं. कालिना पट्टा लावून बसली, कारण बरण्या रिकाम्या होत्या. अडचण दुपारी आली. कुर्बान भरून मी गाडीपाशी आले, तर कालिनाच्या जागी बरण्यांचं खोकं होतं. सर्व बरण्या माझ्या फोममध्ये गुंडाळलेल्या होत्या आणि खोक्यावरून माझा पट्टा आवळलेला होता. एक शेवटची, सर्वांत मोठी बरणी सासूबाईंच्या हातात होती. तिला जागा उरली नव्हती.

"आई, तो पट्टा कालिनाचा आहे."

"तिला हात आहेत, सूनबाई. ती धरून बसेल. बरणीला हात असतात का?"

"बाबा, तुम्ही सांगा ना," मी सासऱ्यांना म्हटलं.

"हिला?" सासरे म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. ओग्न्यान काच पुसत होता, आणि काच स्वच्छ होती.

भौतिकशास्त्राचे सर्व युक्तिवाद संपले होते, तेव्हा मी फक्त उपलब्ध माहिती एकत्र मांडली. या कुटुंबात जे जे बरणी होतं, ते सुरक्षित होतं. फोम बरणीला मिळाला होता, पट्टा बरणीला मिळाला होता, काळजी तर तिचीच होती. तपासणी केंद्रात पिंजरा माल ठरू शकतो, तर माझी मुलगी पॅकिंग ठरायला कायद्याची हरकत नसावी.

"आई," मी म्हटलं, "ती मोठी बरणी फुटेल. खोकं टणक आहे, खाली पायांपाशी अडकवून ठेवलं तर हलणार नाही. मोठीला मात्र खाली मऊ काहीतरी हवं. कालिनाच्या मांडीवर ठेवली तर?"

सासूबाईंनी कालिनाच्या मांडीकडे प्रथमच गांभीर्याने पाहिलं. खोकं खाली गेलं. कालिना सीटवर चढली, आणि पट्टा सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी बांधला. मग तो त्यांनी दोनदा ओढून पाहिला. "अजून आवळ. सैल राहिला तर हिसका बसेल," त्या मला म्हणाल्या. हे वाक्य मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. बरणीच्या वरच्या बाजूला, म्हणजे कालिनाच्या डोक्याजवळच्या नळीला, त्यांनी फोमचा उरलेला तुकडाही गुंडाळला, कारण झाकण आपटू नये.

चौथ्या वळणावर समोरून त्सोन्कोची गाडी आली. डोंगरातल्या रस्त्यावर उतरणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं. ओग्न्यान बाजूला झाला, आणि पिंजरा नीट दिसावा म्हणून गरजेपेक्षा एक हात जास्त झाला.

"काय रे, खाट घेऊन चाललायस का?" त्सोन्कोने खिडकीतून विचारलं.

"मोज," ओग्न्यान म्हणाला. "सहा पाय."

"आत कोण ठेवलंय, अस्वल?"

ओग्न्यान उत्तर देण्यासाठी मागे वळला तेव्हा रस्त्याची बाहेरची कड चाकाखाली खचली. गाडी घाईत नव्हती. ती आधी कुशीवर झाली, मग नीट विचार करून छपरावर आली, आणि गवताच्या कुरणात थांबली. चारही चाकं आभाळाकडे होती. पिंजरा तसूभरही वाकला नाही. हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. छप्पर चेपलं तेवढं नळ्यांपर्यंत, आणि तिथेच राहिलं.

 आत पहिला आवाज सासूबाईंचा आला.

"बरणी?"

"माझ्याकडे आहे, आजी," उलटी लटकलेली कालिना म्हणाली.

"झाकण?"

"घट्ट आहे."

"धरून ठेव हं, बाळ," सासूबाई म्हणाल्या, आणि मग बाकीच्यांची चौकशी केली.

त्सोन्कोने ट्रॅक्टर आणेपर्यंत मी कुरणातच निष्कर्ष नोंदवले; टाके आणि दिवस नंतर भरले. ओग्न्यान: कपाळाला खोक, सहा टाके. सासरे: डोक्यावर टेंगूळ, त्यावर लोखंडी द्राक्षाचा स्पष्ट ठसा. (हा घोस पुढच्या सीटवरचा, माझ्या नजरेतून सुटलेला.) सासूबाई: खांदा निखळलेला. मी: कानामागे टेंगूळ, दोन दिवस शिट्टी ऐकू येत होती. फुटलेल्या बरण्या: शून्य. कालिना: खांद्यावर पट्ट्याचा वळ, बाकी काही नाही. पुन्हा कधी जायचं, असं तिने विचारलं.

संध्याकाळी गावाने यावर विचार करून मत बनवलं. पिंजऱ्याने सगळ्यांना वाचवलं. वेल्कोकडे पंधरवड्यात सात नव्या पिंजऱ्यांची मागणी आली. त्सोन्कोने आठ पाय मागितले आहेत, उरलेले दोन कुठे लावायचे यावर वेल्को विचार करतो आहे.

आमच्या घरी मात्र फरक पडला. दुखावलेला हात झोळीत अडकवून सासूबाई वेल्कोकडे गेल्या आणि आणखी चार पट्टे सांगून आल्या. पुढच्या वर्षी कुर्बान जास्त आणायचं आहे, तेव्हा प्रत्येकाच्या मांडीवर एक बरणी येईल, अगदी चालकाच्यासुद्धा. मी त्यांना अडवलं नाही. शास्त्रात योग्य उत्तर आलं, की रीत विचारून मुलांना नाउमेद करू नये.

आम्ही डोंगरातली माणसं, आमचं असंच. तुम्ही हसलात ते योग्यच आहे. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटचा पट्टा कुठे आहे, हे मी विचारत नाही. तो सीटच्या कव्हराखाली आहे, आणि तिथे त्याला काहीही होणार नाही. फक्त एक आठवून पाहा. मागे एकदा वाढदिवसाचा केक मांडीवर घेऊन तुम्ही गाडीत बसला होतात, तेव्हा चालकाला तीनदा म्हणालात, जरा हळू घ्या. परत येताना त्याच मांडीवर तुमचं मूल झोपलेलं होतं, आणि तुम्ही घड्याळ पाहून म्हणालात, जरा दामटा, उशीर झालाय.