शोकेसचा मान

एका जंगलात, बाळांनो, एका बिळाची भिंत फार पातळ होती. एका सकाळी त्या भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं.

"तिचं ते मशीन अगदी शेवटी चढवा. उरलेल्या जागेत बसलं तर बसलं."

"आणि नाही बसलं तर, आई?"

"तर राहील इथेच. शिवतंय कोण हल्ली."

सांगणाऱ्या होत्या सिंधूबाई काटे, जातीच्या साळिंदर. विचारणारा त्यांचा मुलगा सुहास. आणि ऐकणारी होती सुहासची नवी नवरी शलाका. तिला ऐकू जाऊ नये म्हणूनच हे बोलणं पलीकडच्या खोलीत चाललं होतं.

नवरा काय म्हणतो ते ऐकायला शलाका जरा थांबली. तो म्हणाला, "बघू." लग्नाला चार महिने झाले होते. 'बघू' म्हणजे काय, ते तिला एव्हाना कळायला लागलं होतं.

मशीन म्हणजे शिवणयंत्र. माहेरून आलेलं, बिडाच्या जड पायांचं. माहेरी शलाका त्यावर अर्ध्या जंगलातल्या पिल्लांची झबली शिवायची. सुई विकत आणावी लागत नसे, तेवढं साळिंदरांचं बरं असतं. पण शिवायला उजेड लागतो. सासरच्या बिळात उजेड एकाच झरोक्यातून यायचा आणि त्या झरोक्याखाली शोकेस उभं होतं. शोकेसमध्ये एक काचेचं बदक होतं, कधी कुणी चहा न प्यालेले सहा कप होते, आणि सासऱ्यांना धावण्याच्या शर्यतीत भाग घेतल्याबद्दल मिळालेली ढाल होती. मशीन चार महिने अंधाऱ्या कोपऱ्यात गोणपाटाखाली बसून होतं.

आता काटे मंडळी ओढ्यापलीकडच्या मोठ्या बिळात राहायला निघाली होती. तिथेही झरोका एकच. पश्चिमेचा, चांगला रुंद. बीळ बघायला सगळे गेले, तेव्हा शलाकाने त्याखालची जागा पावलांनी मोजली होती. मशीन बरोबर बसत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

सामान हलवायला त्या जंगलात छोटा हत्ती मिळायचा. तुमच्याकडे मिळतो तसाच, फक्त याला सोंड होती. त्याचं नाव सोंडेभाऊ. पाठीवर लांबट लाकडी हौदा, भरताना-उतरवताना तो जमिनीवर ठेवायचा; त्याला दार एकच, तेही मागे. दारावर रंगवलेलं होतं, 'घर ते घर, ओरखडा नाही तिळभर.'

सोंडेभाऊंनी आठची वेळ दिली होती. नऊला निरोप आला, निघालोय. दहाला आला, वडापाशी पोचलोय. वडापासून काट्यांचं बीळ शंभर पावलांवर. अकराला सोंडेभाऊ उगवले, तेव्हा त्यांच्या अंगावरून तळ्याचं पाणी ओघळत होतं.

"आधी जड घेतो, काकू. काचेचं मागून," ते म्हणाले.

"आमच्यात मानाप्रमाणे चढतं," सिंधूबाई म्हणाल्या. "आधी शोकेस. मग ह्यांची आरामखुर्ची. मग गाद्या, भांडी. सुनेचं शेवटी."

"काकू, जे पहिलं चढतं ते शेवटी उतरतं."

"उतरू दे की. चढताना मान मिळाला म्हणजे झालं."

काट्यांकडे पंगतही अशीच बसायची. श्रीखंड शलाकाच्या पानापर्यंत यायचं, तेव्हा पातेलं खरवडल्याचा आवाजही सोबत यायचा.

हौदा भरत गेला. दाराशी हातभर जागा उरली. सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. सोंडेभाऊंनी मशीन आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, मग डोक्याने रेटलं. बसलं. कडी लावायला मात्र आणखी दोन ढुशा द्याव्या लागल्या.

ओढ्यापलीकडे पोचल्यावर नवाच प्रश्न निघाला. कुठलं सामान कुठे ठेवायचं, हे आत उभं राहून कुणी सांगायचं? सिंधूबाई हौद्यापासून हलायला तयार नव्हत्या. काचेवर नजर कोण ठेवणार? सासऱ्यांचा जीव खुर्चीत होता. सुहास दोघांच्या मधोमध उभा राहून दोघांनाही हो म्हणत होता.

"शलाका, तू जा आत," सिंधूबाई म्हणाल्या. "तुझं कुठे काय अडलंय इथे."

शलाका आत गेली.

कडी निघाली आणि सगळ्यात आधी मशीन उतरलं. ते सोंडेत धरून सोंडेभाऊ दारात आले.

"वहिनी, हे कुठं? नीट विचार करून सांगा. एकदा ठेवलं की मी परत उचलत नाही. पुढं सशांची फेरी आहे."

शलाकाचा विचार चार महिने चाललेलाच होता. तिने नुसता पंजा उचलून झरोक्याकडे दाखवला.

मग भांडी आली, गाद्या आल्या, आरामखुर्ची आली. प्रत्येकाला तिने ऐसपैस जागा दाखवली. सगळ्यात शेवटी शोकेस आलं. सिंधूबाई काचेला हात लावून बाजूने चालत होत्या. ओरखडा एकही नव्हता, बदकाची मानही हलली नव्हती.

सिंधूबाई दारातच थांबल्या. झरोक्यातून ऊन आत आलं होतं आणि मशीनच्या चाकावर पडलं होतं.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी," सोंडेभाऊ म्हणाले.

"हलवा ते."

"काकू, जे पहिलं उतरलं ते पहिलं लागलं. माझे ससे खोळंबलेत." त्यांनी शोकेस दाराशी टेकवलं आणि ते चालू लागले.

सुहासने मशीनला खांदा लावून पाहिला. बिडाचे पाय तसूभर सरकले नाहीत. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघू."

"अगं, पण मग शोकेस कुठे ठेवायचं?" सिंधूबाईंनी विचारलं.

चार महिन्यांत शलाका कुणाला उलटून बोलली नव्हती. आताही बोलली नाही. मशीनवरची धूळ पुसत, अगदी मऊ आवाजात ती म्हणाली,

"उरलेल्या जागेत बसलं तर बसलं, आई."

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांचं नेहमी ऐकावं. ते हळू बोलत असतील, तेव्हा जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावं.