उस्ता मेतवल्लींच्या दारातल्या सोनेरी खुर्च्या

"साठीनंतर माणूस हजला जातो, इंग्रजीच्या क्लासला नाही!" असं म्हणून सुतारकामातले उस्ता मेतवल्ली ताटावरून उठले. ताटात तामियाचे, वाटलेल्या वालाचे गरम वडे तसेच. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस वडे टाकून कधी उठला नव्हता.

"तुमचं नक्की अडतंय काय, ते तरी सांगा, अबू वाएल," त्यांची बायको इन्शिराह मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाली.

"माझं काय अडायचंय? माझे मोजे मला सापडतात."

सापडत नव्हते. एका पायात काळा, दुसऱ्यात तपकिरी मोजा चढवून ते तरातरा बाहेर पडले, फोनही घरीच राहिला.

गोष्ट एवढीच होती की त्यांचा मुलगा वाएल इंग्लंडात, लीड्सला, सून तिकडचीच, तिला सातवा महिना आणि पोरीला आई नाही. "आई, तीन महिने ये," असं वाएलनं म्हटल्यापासून इन्शिराह मिस दालियाच्या क्लासला जात होती. सुनेला अरबीचं अक्षर येत नाही, आणि ओल्या बाळंतिणीशी खाणाखुणांनी किती बोलणार? राहिला होता तो नवऱ्याचा होकार. त्याच्याशिवाय ती विमानात पाऊल ठेवणार नव्हती, आणि उस्तांना हे पक्कं ठाऊक होतं.

क्लासमध्ये सध्या भूतकाळ चालू होता. इंग्रजी क्रियापदं भूतकाळात गेली तरी एकटी राहत नाहीत. मागे एक चिमुकला शब्द लागतोच, आणि कुणामागे कोणता, याला काही न्याय नाही. 'लुक्ड'मागे 'आफ्टर' लावलं तर सांभाळलं, 'फॉर' लावलं तर शोधलं. बाकीच्या बाया डोकं धरून बसल्या. इन्शिराहला मात्र झटकन जमलं. "संसारासारखंच आहे की! कुणाला कोण मिळालं, विचारायचं नाही. पाठ करायचं," ती म्हणाली.

त्या दिवशीचा अभ्यास होता दहा वाक्यं फोनवर बोलून पाठवण्याचा. इन्शिराहचा गळा सकाळपासून भरलेला. त्याच गळ्यानं तिनं म्हटलं: मी त्याची वाट पाहिली, 'वेटेड फॉर'. मी घर सांभाळलं, 'लुक्ड आफ्टर'. एक जवळचं माणूस गेलं, 'पास्ड अवे'. दहावं वाक्य होईतो तिला हुंदकाच आला. डोळ्यांत पाणी, चष्मा टेबलावर. संदेश मिस दालियाऐवजी गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर गेला. एकूण चौऱ्याऐंशी बायका. इन्शिराहनं फोन चार्जिंगला लावला आणि द्राक्षाच्या पानांत भात भरायला बसली.

समोरच्या हज्जा तहियांनी संदेश तीनदा ऐकला आणि सुनेला हाक मारली. सून मरवा दोन वर्षं बँकेत होती, तिला इंग्रजी यायचं.

"कुणीतरी जवळचं गेलं, म्हणतायत. आणि रडतायत."

"अगं पण इंग्रजीत का रडतेय?"

"धक्का बसला असेल, आई."

आता, कोण गेलं हे इजिप्तमधल्या आमच्या दुम्यातमध्ये कुणी विचारत नाही. जो विचारतो तो परका ठरतो. आपलं माणूस ठाऊक असल्यासारखंच येतं, हात हातात घेतं, बिनसाखरेची कॉफी पितं आणि गप्प बसतं. शिवाय वाईट बातमी घरच्यांना सगळ्यांत शेवटी, हळूहळू सांगायची, हीही आमची रीत. तेव्हा तासाभरात निम्मी गल्ली काळे कपडे घालून इन्शिराहच्या दारात. बायका आत, पुरुष बाहेर. गल्ली सगळी सुतारांची, खुर्च्यांना काय तोटा! समोरच्या कारखान्यातून नवरीच्या दिवाणखान्याचा सेट निघाला, सोनेरी नक्षी, लाल मखमल, वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. माणूस बसला की चर्र वाजायचं.

"उरलेलं आयुष्य तुला लाभो गं," असं दुखवट्याचं म्हणत हज्जा तहियांनी इन्शिराहला छातीशी धरलं.

इन्शिराहच्या हातातलं पान गळून पडलं. घरात ती स्वतः धडधाकट, वाएलशी सकाळीच बोलणं झालेलं. मग राहिलं कोण? उपाशीपोटी, रागानं, दोन रंगांचे मोजे घालून बाहेर पडलेला माणूस. यांना ठाऊक आहे आणि मला हळूहळू सांगतायत! तिनं विचारलं नाही. ऐकायची छातीच होईना. ती नुसती "वडेसुद्धा खाल्ले नाहीत हो," असं म्हणत रडायला लागली, आणि ते ऐकून सगळ्या बायका रडल्या.

बाहेर, दुपारच्या नमाजानंतर, उस्ता मेतवल्ली गल्लीच्या तोंडाशी आले. राग निवला होता, भूक लागली होती. पाहतात तो आपल्याच दारात खुर्च्यांच्या दोन रांगा. हज्ज झगलूल, गल्लीतले सर्वांत वडील, काठी टेकत उठले आणि त्यांनी उस्तांचा हात धरला.

"धीर धर, मेतवल्ली. अल्लाची मर्जी."

उस्तांनी दाराकडे पाहिलं. सकाळी घरात एकटं कोण होतं? तीच. त्यांनीही विचारलं नाही. लोकांनी त्यांना मधल्या मोठ्या खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली. हा ताठ कण्याचा कारागीर, कुणी कधी याचा डोळा ओला पाहिला नव्हता. तो लाल मखमलीवर बसून लहान मुलासारखा हमसून रडला.

"मोज्यांवरून बोललो हो तिला," ते सांगत होते. "शेवटचं काय बोललो, तर मोजे!"

"होतं असं," झगलूल म्हणाले. त्यांना काहीएक कळलं नव्हतं.

शेवटी उस्तांना लोकांसमोर बसवेना. तोंड धुवायला म्हणून ते मागच्या बोळातून स्वयंपाकघरात शिरले. तिथे मोरीपाशी, नळाची धार सोडून, ओढणीत तोंड खुपसून कुणीतरी रडत होतं. चाहूल लागून तिनं मान वर केली.

दोघंही किंचाळले.

"तू?"

"तुम्ही? अहो, मेला नव्हतात तर सांगायचं नाही का!" इन्शिराहनं ओलं फडकं उचललं आणि त्यांच्या छातीवर फटाफट मारायला लागली. मारता मारता तिथेच डोकं टेकलं. उस्तांनी तिचे खांदे असे घट्ट धरले की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

"मग मेलंय कोण?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

"ते विचारता येत नाही ना!"

तेवढ्यात कॉफीची किटली घेऊन मरवा आत आली, उस्तांचा हात इन्शिराहच्या खांद्यावर पाहून लाजली आणि म्हणाली, "काकू, तुमचा तो इंग्रजी संदेश ऐकून सगळे..." आणि मग तिघांनाही उलगडा झाला.

पण बाहेर साठ-सत्तर माणसं होती. गल्लीला सांगायचं काय? उस्तांनी तोंड पुसलं, बाहेर गेले आणि घसा खाकरला.

"मंडळी, कुणी मेलेलं नाही."

सगळ्या खुर्च्या एकदम चर्र वाजल्या. हज्ज झगलूल उखडले. "चार कप कडू कॉफी प्यालोय मी! डॉक्टरनं एकसुद्धा नको सांगितलीय. कुणी मेलं नाही, तर मला बोलावलं कशाला?"

उस्ता गोंधळले. मागे वळून पाहिलं. दारात इन्शिराह उभी होती, नाक लाल, डोळे सुजलेले, जिवंत.

"निरोप द्यायला," ते म्हणाले. "उम्म वाएल लीड्सला चाललीय. नातवंड यायचंय."

मग आतून हज्जा तहियांनी अशी काही लांबलचक आनंदाची ललकारी ठोकली की कबुतरं उडाली. कडू कॉफी मोरीत गेली, गुलाबी सरबत आलं, आणि खुर्च्या अखेर ज्या कामासाठी बनल्या होत्या त्या कामी लागल्या.

पाहुणे पांगल्यावर इन्शिराहनं हळूच विचारलं, "खरंच म्हणालात, की लोकांसमोर अब्रू राखायला?"

उस्ता बराच वेळ थंडगार वडा चावत राहिले. "तासभर तू गेलीस असंच धरून बसलो होतो मी," ते म्हणाले. "त्यापुढे तीन महिने म्हणजे काय! पण तिकीट जाण्या-येण्याचं काढायचं. आणि येण्याचं माझ्या खिशात राहील."