पायाच्या आधी बोलवा

मोघेभाऊजी पहिल्यांदा आमच्या आलमबागच्या क्वार्टरवर आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. अर्धा ग्लास ते प्यायले आणि उरलेला त्यांनी आमच्या व्हरांड्यात ओतला. मग उकिडवे बसून ते पाणी कुठे जातं ते बघत राहिले. "चाललं, वहिनी," ते म्हणाले. "मोरीकडे नाही, तुमच्या देवघराकडे चाललं." मी फडकं घेऊन धावले. ह्यांच्या ऑफिसातला माणूस, पहिल्यांदाच घरी आलेला, म्हणून गप्प बसले, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

ऑफिसात त्यांच्याकडे इमारतींच्या देखभालीचं काम होतं. म्हणजे बांधायचं दुसऱ्यांनी आणि निस्तरायचं भाऊजींनी. कुणाच्याही नव्या घरी गेले की ते आधी तांब्याभर पाणी मागत. पुढे पुढे लखनौतले आम्ही मराठी लोक वास्तुशांतीला तांबे लपवून ठेवायला लागलो.

त्यांचं एकच पालुपद. "पायाच्या आधी बोलवा हो. पायाच्या आधी." इमारत नकाशावर असतानाच, पुढे जो ती सांभाळणार त्याला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण विचारतो कोण? ऑफिसची नवी इमारत व्हायची ठरली तेव्हा भाऊजी मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी घेऊन आर्किटेक्टकडे गेले. आर्किटेक्टने आंबे खाल्ले आणि भाऊजींना बोलावलं ते थेट उद्‌घाटनाला, किल्ल्यांचा जुडगा हातात द्यायला. इमारत देखणी झाली, पण कूलर ठेवायला कुठेच जागा नव्हती. मे महिन्यात बाबू लोकांनी कूलर छज्ज्यांवर चढवले आणि त्यांचं पाणी मुख्य दारात, येणाऱ्याच्या टाळक्यावर. जिन्यातला दिवा इतका उंच की एकदा गेला तो गेलाच. भाऊजी भर उन्हाळ्यात छत्री घेऊन ऑफिसला जायचे.

माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे पेढे मी घेऊन गेले तर भाऊजी म्हणाले, "आता काय उपयोग, वहिनी? ठरवायच्या आधी बोलवायचं. आता फक्त डागडुजी." पेढे मात्र चार खाल्ले.

त्यांची बायको, सुमनताई, गेली तेव्हा मुलगा नितीन कॉलेजात होता. पुढे बापलेक समोरासमोर बसून जेवत आणि भाऊजी पोराला वरणभाताबरोबर उतार, नळ आणि गटारं वाढत. पोरगं मान खाली घालून "हाँ बाबा, हाँ बाबा" करी. ह्याच्या डोक्यात काही शिरत नसणार, असंच मला वाटायचं.

नितीनला कानपूरला नोकरी लागली, लग्न झालं, आणि त्याने लखनौतच, कानपूर रोडवर सरोजिनी नगरला प्लॉट घेतला. भाऊजी तेव्हा रिटायर व्हायला आले होते. त्या दिवशी ते आमच्याकडे आले ते नवी कोरी मेजरिंग टेप घेऊनच. "जन्मात एकदा तरी कुणी पायाच्या आधी विचारावं, वहिनी. पोटचा पोरगा आहे, तो विचारेल."

"तुम्हीच विषय काढा की," मी म्हटलं.

"छे. मी काढला तर ते बोलावणं कसलं?"

टेप खिशात घालून हिंडायचे. कानपूर रोडकडे मुद्दाम फिरकायचे नाहीत. पावसाळा गेला, थंडी गेली. नितीन रविवारी यायचा, जेवायचा आणि घराचा विषयही न काढता जायचा. मग एका रविवारी त्याने वास्तुशांतीचं आमंत्रणच आणलं. "सरप्राइज है, बाबा." भाऊजी "वा" म्हणाले. मी तिथेच होते. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

वास्तुशांतीला नितीनने स्वतः त्यांच्या हातात भरलेला तांब्या ठेवला. "चेक कीजिए." भाऊजींनी न्हाणीघरात पाणी ओतलं, ते सरळ जाळीकडे गेलं. गच्चीवर ओतलं, ते सरळ पन्हाळीत. कूलरला खिडकीबाहेर ओटा होता आणि पाणी जायला नळी. जिन्यातल्या दिव्याला हात पोचत होता. खिडक्या आतूनच पुसता येत होत्या. भाऊजी घरभर फिरले, सिंकखालीसुद्धा वाकून आले. एक चूक सापडेना. शेवटी रिकामा तांब्या घेऊन पायरीवर बसले.

"सगळं ऐकत होतं हो कार्टं," ते मला म्हणाले. "एकूण एक. मग मला विचारलं का नाही?"

नितीन मागेच उभा होता. बिचारा गोंधळला. "पूछता क्या, बाबा? आपने ही तो सब बताया था."

मला त्या पोराचा रागही आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

खाली त्यांच्यासाठी खोली काढली होती. सुनेने हात जोडून आग्रह केला. "इथे माझं काय काम?" म्हणाले आणि उठले. निघताना नितीनला एवढंच सांगितलं, "काही बिघडलं तर बोलव. तेव्हा तरी."

रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या जवळच एका जुनाट इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भिंतींना ओल, सगळे नळ टपकणारे. दिवसभर पाना घेऊन खुडबुड करत असतात. घरी फोन नाही, नितीनला नंबर आमचाच दिलाय. रोज संध्याकाळी येतात, चपला न काढता दारातून विचारतात, "बिघडलं का काही तिकडे?" मी नाही म्हटलं की "बरं झालं" म्हणतात आणि जातात. सणावारी नितीनकडे जातात, पाहुण्यासारखे जेवतात आणि बसने परत येतात.

परवा मी नितीनला गाठलंच. "अरे, तुझा बाप माझ्या दारात रोज उभा असतो. बोलाव की एकदा."

"काय सांगून बुलाऊँ, काकू? घर में कुछ बिगड़ता ही नहीं."

"मग एखादा नळ ढिला कर. तेवढंही सुचत नाही का तुला?"

"किया था, काकू. पिछली दिवाली पर." तो खाली बघत म्हणाला. "बाबा आए, देखा, कस दिया. म्हणाले, वॉशर तर नवाच आहे रे. फिर चाय भी नहीं पी."