दहा मिनिटं ओलं ठेवावं

जंतूंना जात, भावकी आणि पक्ष यांतलं काहीही कळत नाही. म्हणून निर्जंतुकीकरण हे जगातलं सर्वात निःपक्षपाती काम होय. साजिद पिंजारी हे मनापासून मानत असे. नेकनूरला सुंदररावांच्या बंगल्यावर पोचल्यावरही पुढचा पाऊण तास तो तसंच मानत होता.

साजिदच्या बापानं जन्मभर गाद्यांचा कापूस पिंजला. साजिदनं काळाची पावलं ओळखून गालिचे धुण्याचं मशीन घेतलं, पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि त्याचं प्रमाणपत्र टेम्पोच्या पुढच्या काचेवर चिकटवलं. त्यामुळे समोरचा रस्ता नीट दिसत नसे, पण प्रमाणपत्र सगळ्यांना दिसे. सुंदररावांचं चौसाळ्याला मंगल कार्यालय होतं. तिथले गालिचे वर्षभर धुण्याचं काम साजिदला हवं होतं. त्याची परीक्षा म्हणून आज बंगल्यातला गालिचा धुवायचा होता, कारण सुंदररावांच्या मुलीची, सायलीची सुपारी फोडायला लिंबागणेशचे पाहुणे येणार होते.

अडचण एवढीच, की मशीन सकाळीच बीडच्या एका दवाखान्यातून आलं होतं. तिथे गालिच्यावर कुणा म्हाताऱ्याला रक्ताची उलटी झाली होती. अशा कामानंतर मशीन आधी साबणानं धुवायचं, मग टाकी, पाइप आणि ब्रश ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ओले ठेवायचे, मग साध्या पाण्यानं खळखळून काढायचे, असा नियम. साजिद नियमाचा पक्का. त्यानं बंगल्याच्या ओसरीवरच टाकीत ब्लीच भरलं, मशीनपाशी भागीदार धुळाजीला बसवलं आणि तो आत डाग बघायला गेला.

"पाहुने चारला येत्याल," सुंदररावांनी आत त्याला बजावलं. "बैठकीत एक डाग दिसला, तर मंगल कार्यालयाचं नाव काढायचं न्हाई."

"अण्णा, डाग कुठं होता ते तुमालाच घावणार न्हाई."

बाहेर सुंदररावांच्या आई बायनाबाई मशीनभोवती एक चक्कर मारून आल्या.

"कावून थांबलाव रे?"

"दहा मिनिटं ऱ्हावं लागतं, आज्जी. सकाळी दवाखान्यात रगत काढलंय ह्यानं. लई व्हतं."

"वाचला का त्यो मानूस?"

धुळाजीला माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' हे शब्द त्यानं उभ्या आयुष्यात उच्चारले नव्हते.

"एवढं रगत गेल्यावर कुठं वाचतंय मानूस!"

"म्हंजी मेलेल्याचं रगत प्यालेलं मशीन माझ्या नातीच्या सुपारीला?"

"औषध टाकलंय की. समदे जंतू मरत्यात."

"जंतू मरत्याल. सुतक मरतंय का?"

या प्रश्नावर पुण्याच्या प्रशिक्षणात काही सांगितलं नसावं. निदान साजिद तरी कधी बोलला नव्हता. बायनाबाई वादात वेळ घालवणाऱ्या नव्हत्या. त्या मागं गोठ्यात गेल्या, तांब्याभर गोमूत्र घेऊन आल्या आणि टाकीचं झाकण उघडून त्यांनी ते ओतलं आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. मोठ्या माणसाचा हात धरायचा नाही, असा धुळाजीवर संस्कार होता. शिवाय आता दोन्हीकडून काम पक्कं झालं, असं त्याला मनातून बरंही वाटलं.

दहा मिनिटं झाली. साजिदनं मशीन प्लग लावायला बैठकीच्या उंबऱ्याशी ओढलं आणि टाकीतलं ब्लीच पाइपातून काढून टाकायला बटण दाबलं.

ब्लीच आपल्या जागी गुणी आहे. गोमूत्र आपल्या जागी पवित्र आहे. दोघं एका टाकीत नांदत नाहीत. पुढच्या क्षणी बैठकीत असा काही वास घुसला, की भिंतीवरच्या फोटोतले पुढारीही नाक दाबतील.

"बाहेर व्हा! समदे बाहेर!" साजिद ओरडला आणि बटण बंद करून खोकत पळाला.

सारं घर ओसरीवर आलं. सुंदररावांनी उपरणं तोंडाला लावलं होतं. बायनाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. सायलीचं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. नेमकी त्याच वेळी फाटकात जीप थांबली. पाहुणे अर्धा तास आधी आले होते. मराठवाड्यात हे सहसा घडत नाही.

मुलाचे वडील शिवशंकरराव उतरले. त्यांनी ओसरीवरचा देखावा पाहिला, टोपी काढली आणि भिंतीला टेकून मुकाट्यानं खाली बसले. बाकीचे चौघं त्यांच्या शेजारी बसले. दुःखाच्या घरी कोण गेलं, कसं गेलं, हे विचारायचं नसतं. ती माणसं रीतीची होती.

"अहो, तसं..." सुंदररावांना ठसका लागला.

"बोलू नका, सुंदरराव. आमी काय इचारनार न्हाई."

बायनाबाईंनी 'नाही, नाही' म्हणून जोरजोरात हात हलवले.

"आवरा, आज्जी. कुनाच्या हातात ऱ्हातंय व्हय?"

साजिदनं डोळे धुवायला कळशी आणली आणि आधी पाहुण्यांपुढे धरली. त्यांनी हात जोडले. अशा घरी पाणी घेत नाहीत.

मग पाहुणे उठले. 'येतो' असंही म्हणत नाहीत, म्हणून कोणी काही बोललं नाही.

"पप्पा, अडवा ना त्यांना!" सायली म्हणाली.

सुंदरराव उपरणं सावरत, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत जीपमागे फाटकापर्यंत धावले. शिवशंकररावांनी मागं वळून पाहिलं आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"लई जवळचं मानूस गेलेलं दिसतंय, बाबा. हळू घे."

रात्री फोनवर उलगडा झाला. आठवड्यानं सुपारी फुटली, ती लिंबागणेशला, सतरंजीवर. दवाखान्यातला म्हातारा तोवर बरा होऊन घरी गेला होता.

महिन्यानं सुंदररावांचा साजिदला फोन आला: चौसाळ्याला येऊन जा. साजिदनं मशीन साबणानं धुतलं, ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ओलं ठेवलं, साध्या पाण्यानं तीनदा खळखळून काढलं आणि उन्हात वाळवलं. त्या दहा मिनिटांत धुळाजीला त्यानं चहा आणायला लांब पाठवलं.

मंगल कार्यालयात सुंदररावांनी जुने गालिचे दाराशी गुंडाळून ठेवले होते. पाहिजे तर घेऊन जा, म्हणाले. आत सगळीकडे नवी फरशी बसवली होती.