गुलाबमामांचं प्रश्नचिन्ह

गुलाबमामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खडू असतो. ते कोणाच्याही घरी गेले की आधी सगळीकडे एक नजर फिरवतात, ज्या वस्तूचा संशय येईल तिच्यावर खडूने ठसठशीत प्रश्नचिन्ह काढतात, आणि मग निवांत बसून चहा मागतात. आमच्या कुकरवर एक प्रश्नचिन्ह आहे. मिक्सरवर आहे. लग्नात मिळालेल्या कपाटावर आतून एक आणि बाहेरून एक आहे. एकदा बाजारातून आणलेल्या कोहळ्यावर त्यांनी खूण केली, तर तो कापायची कोणाची हिंमत होईना; शेवटी गाईने खाल्ला. गाईला काही झालं नाही, तरी मामा दोन-तीनदा तिला पाहून आले.

माझे यजमान मला पाहायला आले तेव्हा मामांनी त्यांच्या मोटरसायकलच्या सीटवर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. बिचारे ते पँटच्या मागे उमटवून घेऊन वरोऱ्याला परत गेले. लग्न तरीही झालं. मामांच्या मते अजून काही सांगता येत नाही.

त्यांची सगळी नोकरी इथे भद्रावतीच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली. समोर आलेला नग हातात घ्यायचा, ठोकायचा, कानाशी धरायचा, शंका आली की खडूने खूण करून बाजूला काढायचा. मामा निवृत्त झाले, शंका मात्र अजून ड्यूटीवर आहे. "आतमंधी का हाये ते सांग," हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "पास नाई," हे दुसरं. फारच खूश झाले तर "सध्या चालू द्या" म्हणतात. बरोबरची खूण त्यांनी आमच्या घरात कधी कशावर केली नव्हती. मामी गेल्यापासून ते दोन गल्ल्या सोडून एकटेच राहतात.

अशा माणसाच्या हद्दीत मी घरात पेटवायची शेकोटी विकत आणली.

आता हे ऐकून तुम्हीही माझ्या कपाळाला हात लावून पाहाल. चंद्रपूर जिल्ह्यात घर गरम करायला पैसे! मे महिन्यात आमच्या छतावरच्या टाकीतलं पाणी फक्त चहापत्तीची वाट पाहत असतं. पण पूस-माघात जंगलाच्या अंगाने असा गारठा येतो की सकाळी दात वाजतात. आणि प्रश्न माझा नव्हता, आमच्याजवळ राहणाऱ्या माझ्या आईचा होता.

आईचा जन्म गेला चिमूरकडच्या खेड्यात. थंडीत सकाळी अंगणात शेकोटी पेटायची, शेजारपाजार गोळा व्हायचा, आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथे शेकून निघायच्या. त्या धुराने आणि चुलीच्या धुराने तिची छाती धरली. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद. मी विजेचा हीटर आणला. आईने त्याच्यात विस्तव शोधला आणि म्हणाली, "हे तार होय, इस्तो नोहय." मागच्या हिवाळ्यात ती आतल्या खोलीत गोधड्यांखाली गेली ती होळीलाच बाहेर आली. बोलणं तुटलं, जेवण तुटलं. आणखी एक हिवाळा असा गेला तर ती उठायची नाही, ही भीती मला दसऱ्यापासूनच लागली होती.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या निरोप समारंभाला आम्ही ताडोब्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथे भिंतीत लोखंडाची पेटी, तिला काचेचं दार, आत लाकडं जळतायत, आणि खोलीत धुराचा वास नाही. मी जेवण सोडून तिच्याचसमोर बसले.

घरी येऊन आधी मिस्त्रीला विचारलं, विटांची बांधून देतोस का. तो म्हणाला, पाया खोदा लागन, भिंत फोडा लागन, धुराडं स्लॅबच्या वर न्या लागन. आकडा सांगितला तेव्हा मी खाली बसले. शिवाय त्याने आजवर फक्त लग्नातल्या भट्ट्या बांधल्या होत्या, आणि फरशीवर काढलेला त्याचा नकाशा पाहता आमच्या बैठकीच्या खोलीत शंभर पानांची भाजी सहज शिजली असती. कारखान्यात तयार झालेली पेटी त्याच्या अर्ध्याहून कमीत येत होती. पाया नको, विटा नको. मी नागपूरहून मागवली.

टेम्पोतून खोकं उतरायच्या आत मामा हजर. फिटर पेटी बसवत होता आणि मामा त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते.

"विटा कुठी हायेत?"

"काका, विटा नसतात याच्यात."

"आग डब्यात ठेवता? आन् हा पाइपाच्या आत पाइप! दुसरा पाइप लपवला काऊन?"

"लपवला नाही काका. दोन्हीच्या मधात हवा राहते. बाहेरचा पाइप जास्त तापत नाही त्यानं."

मामांनी पाइप ठोकला, कान लावला, आणि माझ्याकडे वळले. "पोकळ वाजते. पोरी, ह्या लोकायनं तुले हवा इकली."

फिटर गेल्यावर त्यांनी काळ्या पत्र्यावर, दाराच्या अगदी वर, हातभर प्रश्नचिन्ह काढलं. पाहुण्यांना तो पेटीचा ब्रँड वाटायचा.

पण पेटी पेटली, आणि आई बाहेर आली. पहिल्या दिवशी गोधडी घेऊन आली, मग शाल घेऊन, मग नुसतीच. काचेतून जाळ पाहत म्हणाली, "हां. आता थंडी गेल्यासारखी वाटते." मला रडू आलं, ते मी लाकडांच्या नावावर खपवलं.

मामा रोज सकाळी तपासणीला येऊ लागले. आज काच तडकते का पाहायचं, उद्या राखेचा ट्रे. एक दिवस तापताना पत्रा टिक टिक वाजला, तर मामांनी तासभर मोजदाद केली. "बोलून राह्यला हा डबा. काहीतरी मनात हाये याच्या." आई त्यांची मोठी बहीण, मामा तिला बाई म्हणतात. तपासणी चालू असताना दोघांचं भांडण चालू असायचं. बापाचा बैल पांढरा होता की तांबडा? मोहफुलं वेचायला पहिले कोण उठायचं?

"तू झोपूनच राहे, गुलाब!"

"मी जागा होतो, बाई. मी पाहत होतो, टोपली फाटकी त नाई."

आईला हसताना ठसका लागायचा, पण तो चांगला ठसका होता.

मग मामांना माकडं आठवली. आमच्याकडे वानरांच्या टोळ्या छपरांवरून शाळेत गेल्यासारख्या वेळेवर जातात. एखादं वानर धुराड्यातून आत उतरलं तर? हा विचार मामांनी कोणाला सांगितला नाही. संध्याकाळी गुपचूप गच्चीवर गेले आणि पाइपाच्या तोंडाला पोतं बांधून आले.

सकाळी मी लाकडं पेटवली, आईला खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला गेले. परत येते तो बैठक दिसेना. सगळा धूर उलटा खोलीत आला होता. आई खोकून खोकून निळी पडली होती. यजमानांनी तिला उचलून बाहेर नेलं, मी खिडक्या उघडल्या, रिक्षा बोलावली, दवाखाना गाठला. दुपारपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला आणि आम्ही तिला घरी आणलं. अंगणात मामा उभे होते. हातात काळं पडलेलं पोतं.

"मीच बांधलं होतं," एवढंच म्हणाले. खिशातला खडू काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि निघून गेले.

त्यानंतर मामा आले नाहीत. आई बरी झाली, पाइप मोकळा झाला, पेटी पहिल्यासारखी पेटू लागली. पण आई बैठकीत येईना. मला वाटलं, धुराला भ्याली.

"भेव कायचा?" ती गोधडीतून म्हणाली. "एकटीनं का बसू तिथं? जाळासंग बोलू?"

मी तो खडू घेऊन मामांच्या घरी गेले. त्यांच्या घरात मी इतक्या वर्षांत कधी नीट बसले नव्हते. तेच आमच्याकडे यायचे. एक कप, एक ताट, एक खुर्ची. मी सवयीने फ्रिजकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, गॅसच्या शेगडीकडे पाहिलं. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

"मामा, तुमच्या घरी कशाचाच संशय येत नाही?"

मामा चहा गाळत होते. "येते ना. पण इथं दाखवू कोणाले?"

मी खडू त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हटलं, आई खोलीत निजून राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी मामा आले. आईला बाहेर येऊ दिलं नाही. गच्चीवर जाऊन धुराडं पाहून आले, खिडक्या लावून घेतल्या, पेटी पेटवली आणि काजळी धरते का पाहायला खांद्यावरचा पांढरा दुपट्टा भिजवून पेटीच्या वर टांगला. मग जेवणवेळेपर्यंत स्वतः तिथे बसून राहिले, धूर आला तर आपल्याच छातीत आधी जावा म्हणून. शेवटी दुपट्टा काढून उजेडात धरला. पांढराच होता. मामांनी ओल्या फडक्याने प्रश्नचिन्ह पुसलं आणि तिथे बरोबरची खूण केली.

आमच्या घरात त्यांनी केलेली पहिली. यजमानांनी टाळ्या वाजवल्या, मी शिरा केला. आई खुर्चीत येऊन बसली. मामा शिरा खाऊन घरी गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मी फोन केला. "काऊन येऊ?" मामा म्हणाले. "पास झालेला माल पुन्हा तपासत नाईत. कायदा हाये तो."

मी आईला सांगितलं. आईने पेटीवरच्या बरोबरच्या खुणेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बरोबरची खूण गायब. तिथे पांढरं काहीतरी जाडजूड उमटलं होतं. आईला सहीपुरतं लिहिता येतं. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तिने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते उलट्या तोंडाचं होतं आणि त्याला खाली टिंब नव्हतं.

"गुलाबले फोन लाव," आई म्हणाली. "सांग, डबा वाजून राह्यला."

"कुठे वाजतोय?"

"तू लाव ना वो!"

मामा चप्पल न घालताच आले. पेटीला कान लावला. पेटी विझलेली होती, वाजणार काय? मग त्यांची नजर वर गेली. जन्मभर प्रश्नचिन्हं काढणारा माणूस. कोणाचा हात आहे हे त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार. चुन्याला बोट लावून पाहिलं. आईकडे पाहिलं. आई लुगड्याचा पदर नीट करत भिंतीकडे पाहत होती.

मामांनी खिशातून खडू काढला, राहिलेलं टिंब नीट गोल करून दिलं, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"ह्याले टाइम लागन, बाई," ते म्हणाले.

"लागू दे," आई म्हणाली.